वरच्या फळीवरचा निर्णय

निएमेला घराण्यात भांडणं होत नसत. कॅनडातल्या थंडर बेमध्ये ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण निएमेला मंडळी ती स्वतःच सगळ्यांना सांगत. वादाचा कुठलाही विषय निघाला, म्हणजे गाडी कोणती घ्यायची, आजीला कुठल्या वृद्धाश्रमात ठेवायचं, केबिनच्या छपराला पत्रा घालायचा की नाही, की तो शनिवारपर्यंत झाकून ठेवायचा आणि शनिवारी तळ्याकाठच्या केबिनवर, सॉनात म्हणजे वाफेने तापवलेल्या लाकडी खोलीत उघडायचा. सॉनात आवाज चढवायचा नाही हा त्यांच्या फिनिश पूर्वजांचा जुना दंडक. चर्चमध्ये वागावं तसं तिथे वागायचं. निएमेलांनी त्याला घरची एक पुरवणी जोडली होती. चर्चा चालू असताना जो उठून बाहेर गेला, त्याची संमती धरायची.

त्यामुळे या घरातले सगळे निर्णय गेली कित्येक वर्षं बुद्धीने न होता कातडीने होत आले होते. आर्वो निएमेला आधी कागद कारखान्यात फिटर होता आणि कारखाना बंद पडल्यावर शाळांचे बॉयलर सांभाळत होता. तो सर्वात वरच्या फळीवर बसे, जिथे वाफ साठते, आणि मांडीवर हात ठेवून वाट पाहत राही. लोक उठून जात. आर्वोचं म्हणणं मान्य होई. याला तो एकमत म्हणे. त्याची बायको डार्लीन युक्रेनी घरातली, दहा मिनिटांत तिला घेरी येई. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी तिच्या स्वयंपाकघराच्या भिंती तिला नको असलेल्या हिरव्याच रंगाच्या होत्या.

या शनिवारचा विषय इंका होती.

इंका अठरा वर्षांची, घरातली धाकटी, आणि आठवडाभर दात-ओठ खात हिंडत होती. तिला दोन विद्यापीठांनी जागा देऊ केल्या होत्या. एक इथल्याच विद्यापीठात वनशास्त्राची. चार वर्षांचा साधा सरळ अभ्यासक्रम, उन्हाळे मोकळे. दुसरी दक्षिणेत, टोरांटोच्याही पलीकडे, पर्यावरण अभियांत्रिकीची, को-ऑपसह. चार महिने वर्ग, चार महिने नोकरी, परत वर्ग, परत नोकरी, अशी पाच वर्षं, आणि उन्हाळा नावाची चीज कुठेच नाही. गावातल्या बायका ‘आमची को-ऑपला लागली’ हे ज्या सुरात सांगत, त्याच सुरात त्यांच्या आया ‘आमच्या मुलीला डॉक्टर सांगून आलाय’ म्हणत असाव्यात.

इंकाला उन्हाळे हवे होते. गेल्या वर्षी वणवा दलाच्या तळावर तिला पाण्याचे पाइप धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवायचं काम मिळालं होतं. यंदा तिची प्रत्यक्ष तुकडीत निवड झाली होती आणि येत्या सोमवारी तळावर हजर व्हायचं होतं. हेलिकॉप्टरने जंगलात उतरायचं आणि आग विझेपर्यंत तिथेच राहायचं. पदवी होईपर्यंत दर उन्हाळा असा काढायचा आणि मग त्याच खात्यात शिरायचं, एवढं तिने ठरवलं होतं, आणि अठराव्या वर्षी एवढं ठरलेलं असणं घरच्यांना संशयास्पद वाटत होतं.

तरी तिने प्रामाणिकपणे दक्षिणेतल्या को-ऑप कचेरीत फोन करून विचारलं होतं, की वणवा दलातलं काम तुमच्याकडे नोकरीचं सत्र म्हणून चालेल का? पलीकडची बाई फार गोड होती. म्हणाली, “प्रत्यक्ष आग ही आपल्या शाखेशी थेट संबंधित नाही गं. पण आगीवरच्या अहवालांची मांडणी करायची एखादी जागा निघू शकते.”

उत्तर द्यायची मुदत सोमवारी संपत होती. म्हणून शनिवारी दुपारपासूनच आर्वोने सॉनाच्या चुलीत बर्चची लाकडं कोंबायला सुरुवात केली.

संध्याकाळी चौघं आत बसली. जूनमधलं ऊन अजून तळ्यावर लख्ख होतं आणि दाराबाहेर चावऱ्या काळ्या माश्या वाट पाहत होत्या. वरच्या फळीवर आर्वो, त्याच्याशेजारी हट्टाने इंका. मधल्या फळीवर थोरला भाऊ काल्ले, आणि दाराला चिकटून खालच्या फळीवर डार्लीन.

“बोला,” आर्वो म्हणाला आणि ओगराळंभर पाणी चुलीवरच्या तापल्या दगडांवर टाकलं. दगड फुसफुसले.

काल्ले मुद्दाम टोरांटोशेजारच्या मिसिसागाहून आला होता. त्याने सहा सत्रं को-ऑप केलं होतं आणि तेव्हापासून तो साधं बोलायचा थांबला होता. कुणी काहीही विचारलं तरी तो नोकरीच्या मुलाखतीत बसल्यासारखं आधी परिस्थिती सांगे, मग आपण काय केलं ते सांगे आणि शेवटी निष्पत्ती. बर्फात गाडी रुतली तरी तो ‘यातून मी काय शिकलो’ हे आधी सांगून मग फावडं शोधायला जाई.

“माझंच उदाहरण घे,” तो म्हणाला. “पहिल्या सत्रात मला एक आव्हान होतं. विमा कंपनीत...”

“रकाने रंगवायचास तू,” इंका म्हणाली. “ज्यांचे हप्ते थकलेत ते लाल, भरलेत ते हिरवे. चार महिने.”

“त्यातून मला हितसंबंधीयांशी संवाद...”

“काल्ले, तुला तिथे जेवायलासुद्धा कुणी बोलवत नव्हतं. तू जिन्यात बसून सँडविच खायचास आणि मला फोन करायचास.”

“आवाज,” आर्वो हळूच म्हणाला.

“चढवलेला नाही,” इंका त्याहून हळू म्हणाली.

“लोकांना आजकाल अनुभव लागतो, बाळा. पदवीसोबत अनुभव,” आर्वो म्हणाला.

“वणव्यापुढे पाइप धरून उभं राहणं हा अनुभव नाही, आणि पाण्याच्या कूलरपाशी कप धरून उभं राहणं हा अनुभव?”

“कूलरपाशी ओळखी होतात,” काल्ले म्हणाला. हे त्याने मनापासून सांगितलं, त्यामुळे कुणालाच हसता आलं नाही.

डार्लीन उठली. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. “मी सॉसेज शेकायला घेते. इंका, पाणी पीत राहा गं. आर्वो, पोरीचं जरा ऐकून घे.”

“ऐकतोच आहे,” आर्वो म्हणाला. दार उघडलं, मिटलं. एक संमती जमा झाली.

काल्ले बराच वेळ टिकला. गरम झाल्यावर तो माणसासारखा बोलू लागे. घाम निथळत त्याने बहिणीच्या पायाला कोपराने ढोसलं. “ए इंके, ते होस्टेलचं प्रश्नपत्रक मात्र लवकर भर हां. झोप कधी, जाग कधी, असलं काय काय विचारतात. उशीर केलास तर घोरणारी पार्टनर देतात. मी चार महिने काढलेत.”

“कुठल्या होस्टेलचं?”

“तुझ्या. आता जागा स्वीकारली म्हटल्यावर...” काल्लेने वर बापाकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि एकाएकी त्याला फार उकडू लागलं. “मी जरा तळ्यात डुबकी मारून येतो,” तो म्हणाला आणि गेला. दुसरी संमती.

आर्वोने पाणी टाकलं.

इंकाने मनात दुवे जुळवले. या प्रांतात सगळ्या विद्यापीठांचे अर्ज एकाच ठिकाणी, एकाच खात्यातून जातात. तिच्या खात्याचा पासवर्ड म्हणजे घरातल्या मेलेल्या कुत्र्याचं नाव होतं. आणि विद्यापीठांच्या पत्रांचा महिनाभर इतका पाऊस पडत होता, की तिने ती उघडणंच सोडून दिलं होतं.

“तुम्ही माझ्या नावाने हो म्हणालात,” ती शेवटी म्हणाली. सॉनात बोलतात तशाच सुरात, जणू लाकूड आणखी घालू का विचारावं.

“गुरुवारी. मुदतीच्या दिवशी ती यंत्रं अडकतात, म्हणून आधीच.”

“मला न विचारता.”

“आज विचारणारच होतो. त्यासाठीच तर बसलोय.”

इंकाने ओगराळं उचललं आणि पाणी टाकलं. वाफ दोघांच्या कानांवर येऊन बसली. निएमेलांना रागाची दुसरी भाषा नव्हती. शेजारच्या केबिनवाल्यांनासुद्धा चुलीच्या धुरावरून कळे की आज त्यांच्याकडे काहीतरी मोठं चाललंय.

“हे एकमत का, बाबा?”

“तू अठरा वर्षांची आहेस. तुला आत्ता हेलिकॉप्टर दिसतंय. मला पुढची वीस वर्षं दिसतात. आमच्या कारखान्यातही सगळे म्हणायचे, जंगल आहे तोवर कागद आहे. जंगल अजून आहे.”

“म्हणजे कारखाना बंद पडला, म्हणून मी रकाने रंगवू?”

“रकाने रंगवणारे अजून नोकरीवर आहेत.”

तिने आणखी एक ओगराळं टाकलं. मग त्याने एक. मग तिने दोन. आर्वोचा चेहरा बीटासारखा झाला होता आणि भुवयांवरून घाम सरळ डोळ्यांत उतरत होता, पण त्याने तो पुसला नाही, कारण पुसणं म्हणजे कबुली झाली असती. इंकाच्या कानांच्या पाळ्या भाजत होत्या. तिला वाटलं, आपण उठायचं नाही. आज या माणसाला त्याच्याच फळीवरून खाली उतरवायचं.

“आई म्हणते तुमचं ब्लडप्रेशर...”

“आई बाहेर आहे.”

“बाबा, तुम्ही उठा.”

“तू ऊठ.”

बादलीत तळाशी थोडंसं पाणी उरलं होतं. आर्वोने ओगराळ्याकडे हात नेला आणि तो चुकला. बोटं फळीवर आपटली. त्याने परत नेला आणि परत चुकला. तिसऱ्यांदा तो हात हवेत तसाच राहिला, आणि आर्वो त्याच्याकडे असा पाहत बसला, जणू तो शेजाऱ्याचा असावा.

इंकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस इथे बेशुद्ध पडेल पण बाहेर जाणार नाही. आणि पडला तरी जिंकेल. घरात पुढची दहा वर्षं सांगतील, की आर्वोने लेकीच्या भवितव्यासाठी जीव पणाला लावला. आपणही त्याच फळीवर बसून तेच करतोय. विद्यापीठ कुठलं हे ठरवायला दोन माणसं स्वतःला उकडून घेताहेत, आणि याला हे लोक शांतता म्हणतात!

ती उठली. बापाच्या काखेत हात घालून तिने त्याला खेचत खाली आणलं, दार लाथेने उघडलं आणि त्याला ओसरीवरच्या बाकावर बसवलं. डार्लीन हातातला चिमटा टाकून पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

“कोण आधी निघालं?” आर्वोने डोळे मिटूनच विचारलं.

“मी,” इंका म्हणाली. “तुम्ही जिंकलात. एकमत झालं.”

टॉवेल गुंडाळून तिने खिडकीतला फोन उचलला आणि ती धक्क्यावर चालत गेली. तिथे अगदी टोकाला, बोट बांधायच्या खुंटावर उभं राहिलं तर फोन लागतो. केबिनवरचे सगळेच निरोप असे खुंटावरून जातात. काळ्या माश्या तिच्या खांद्यांवर तुटून पडल्या. तळ्यातून काल्लेचं डोकं वर आलं, त्याने तिचा चेहरा पाहिला आणि ते परत पाण्यात गेलं. उतरत्या उन्हात फोनचा पडदा नीट दिसत नव्हता. तिने खातं उघडलं, कुत्र्याचं नाव बदललं, मग वनशास्त्रापुढे ‘स्वीकार’ दाबलं. एक जागा स्वीकारली की आधीची आपोआप सुटते. यंत्राने फक्त एकदा विचारलं, नक्की का? घरात एवढंसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

“काय करतेयस?” मागून आर्वोचा आवाज आला. तो बाकावरून उठून धक्क्याच्या तोंडाशी येऊन उभा होता, एका हाताने कठडा धरून.

“झालं करून.”

“परत बदल.”

“नाही.”

“मग मी बदलतो.”

“पासवर्ड बदललाय.”

आणि आर्वो निएमेला ओरडला. आधी शब्द नव्हतेच, नुसता आवाज होता, बॉयलरची झडप उडावी तसा. शेजारच्या केबिनवर रेडिओ बंद झाला. काल्ले पाण्यातून पूर्ण वर आला. डार्लीन तांब्या हातात धरून जागच्या जागी थांबली. नवऱ्याचा हा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती.

“मरशील!” तो ओरडला. “जळून मरशील तिथे, कळतंय का तुला? ते पिशवीत घालून आणतात! मला बोलावतील ओळख पटवायला! को-ऑप गेलं खड्ड्यात! कूलरपाशी कुणी मरत नाही, म्हणून म्हणत होतो मी!”

इंका खुंटावरून खाली उतरली. तिचा राग रतीभर कमी झाला नव्हता, उलट त्याला आता खरं तोंड फुटलं. “मग हे आत का नाही बोललात? महिनाभर मला नोकऱ्यांच्या गोष्टी सांगताय! पुढची वीस वर्षं, अनुभव, ओळखी! भीती वाटते एवढं म्हणता येत नाही तुम्हाला?”

“आत ओरडता येत नाही!”

“ओरडल्याशिवाय म्हणा ना!”

“नाही येत म्हणता!”

“म्हणून माझ्या खात्यात शिरायचं? चोरासारखं?”

“बाप आहे मी तुझा!”

“म्हणूनच विचारतेय! चोर असता तर पोलिसांत गेले असते!”

“आर्वो, बस खाली,” डार्लीन म्हणाली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनेही आवाज चढवला. “बस म्हणते ना! तो बोलेल बसून, आणि इंका, तू ऐकशील, आणि मग ती बोलेल आणि आर्वो, तू ऐकशील, आणि सॉनात परत कुणी पाऊल ठेवलं तर याद राखा!”

आर्वो बसला नाही. “सोमवारी तळावर सोडायला मी येणार नाही,” तो लेकीला म्हणाला. “सांगून ठेवतो.”

“नका येऊ. बसने जाईन.”

“सोमवारी बस नसते!”

“मग चालत जाईन!”

“त्या रस्त्याला कडेने चालायला जागा तरी आहे का? ट्रक कसे येतात पाहिलंस?”

“तुम्हाला काय करायचंय? तुम्ही येणार नाही ना?”

“नाहीच येणार!” आर्वो ओरडला. “किती वाजता पोचायचंय?”

“ते मी नाही सांगणार!” इंका ओरडली, आणि ओसरीवर सॉसेज करपल्याचा वास येऊ लागला तरी चौघांपैकी कुणीच तिकडे गेलं नाही.