माऊन म्हणजे मी

मी एक जुना पितळी गुंड आहे, मित्रांनो. गुंड म्हणजे आमच्याकडची पाण्याची मोठी घागर. माणसांना अंधाराची भीती वाटते, मला भर दुपारची वाटते.

माझा जन्म भंडाऱ्याचा. १९७१ साली ठोके खाऊन मी गोल झालो आणि मोहाडीच्या सुग्राबीनं मला थोरल्या लेकीच्या लग्नासाठी विकत घेतलं. ती मला चिंच लावून घाशी, फळीवर ठेवी आणि आल्यागेल्याला दाखवी. मी शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू? खालच्या काळ्या गंजाकडे, म्हणजे चुलीवरच्या पातेल्याकडे, मी बघतही नसे.

सुग्राबी नमाज चुकवत नसे. दुपारी ती कुराणातला सात आयतींचा एक छोटा सूरा ओठांतल्या ओठांत म्हणे. अरबी तिला कळत नव्हतं. त्यातला शेवटचा शब्द ‘माऊन’. त्याचा अर्थ तिनं मराठीतूनच लावला होता. घरात मावून उरेल इतकं दे, अशी काहीतरी दुआ असेल!

१९७४ च्या वैशाखात ती तोच सूरा म्हणत असताना शेजारची कुंताबाई धावत आली. नमाज संपेपर्यंत ती उंबऱ्याशी उभी राहिली.

“भाबी, तुमचा गुंड द्या जी घडीभर. पोरीले कळा सुटल्या, पानी तापवाले मोठं भांडं नाही घरी.”

“लगनाचा गुंड आहे बाई तो. चुलीवर काळा होईल,” सुग्राबी नमाजाची चटई गुंडाळत म्हणाली.

कुंताबाई परतली. आणि मला हायसं वाटलं. हो मित्रांनो, हायसं वाटलं.

कुंताबाईनं जुन्या मडक्यात पाणी तापवलं. उतरवताना ते फुटलं. नात सुखरूप जन्मली, पण कुंताबाईचा उजवा हात भाजला आणि बोटं आखडली ती कायमची. धानाच्या रोवणीत तिच्याइतका चपळ हात गावात कुणाचा नव्हता. त्या हाताला पुढे एक रोपही चिखलात खोचता आलं नाही. तिनं आम्हाला कधी बोल लावला नाही. पुन्हा काही मागितलंही नाही.

पुढे लेकीच्या लग्नात तिच्या सासरच्यांना स्टीलची भांडी हवी होती. मी फळीवरच राहिलो. तेव्हापासून रोज दुपारी, दारात कुणी नसताना, मला ऐकू येतं, “गुंड द्या जी घडीभर.” माझं रिकामं पोट घुमतं. सुग्राबीही नमाजानंतर दाराकडे बघे आणि घाबरून नजर वळवी. ती हाक तिलाही ऐकू येत असणार.

१९८३ साली सुग्राबीच्या अंगणात बायकांसाठी प्रवचन ठेवलं होतं. प्यायचं पाणी माझ्यात भरलेलं. पडद्यापलीकडून मौलवीसाहेब त्याच सूऱ्याचा अर्थ सांगू लागले. मक्केत एक श्रीमंत माणूस होता, म्हणतात. दारी आलेल्या अनाथाला त्यानं हाकलून दिलं, त्यावरून हा सूरा उतरला. नमाज पढूनही जे माऊन अडवतात, त्यांच्यासाठी त्यात धिक्कार आहे.

“आता माऊन म्हणजे काय?” ते म्हणाले. “देगची, बादली, कुऱ्हाड. शेजारी घडीभर मागतो ते घरातलं भांडं, अवजार.”

सुग्राबीनं हातातला पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

बायका गेल्यावर तिनं मला कमरेवर घेतलं आणि थेट कुंताबाईचं घर गाठलं. “बाई, हा तुमचाच समजा. मले माफ करा,” ती रडत म्हणाली.

कुंताबाईनं माझ्या काठाला आखडलेली बोटं लावून पाहिली. “माफ तं कवाच केलं जी, भाबी. पन हा आता मले उचलत नाही.”

मग सुग्राबीनंच तिची चूल पेटवली आणि मला वर चढवलं. तेव्हापासून ती रोज येऊन कुंताबाईचं पाणी तापवते. मी बुडापासून गळ्यापर्यंत काळा झालो आहे. तरी दुपारची ती हाक थांबलेली नाही.

मित्रांनो, कुणी भांडं मागायला आलं तर विचार करत बसू नका, द्या. काळं झालं तर राखेनं घासता येतं. कुंताबाईची बोटं कशानं सरळ करायची, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.