खांद्याइतक्या उंचीवरचे बटण

मित्रांनो, मी दिव्याचे एक जुने बटण आहे. झोपायची खोली आणि न्हाणीघर यांना जोडणाऱ्या अरुंद बोळात माझी जागा आहे. या बोळाला खिडकी नाही. भर दुपारीही इथे डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही.

माझ्या पोटात पितळेची एक पट्टी आणि एक स्प्रिंग आहे, बस्स. मला या भिंतीत बसवले ते घरमालकानेच. ते स्वतः वायरमन होते. त्यांनी मला इतके खाली बसवले, की त्यांचा कामावरचा जोडीदार हसत सुटला.

"काय उस्ताद, मांजरासाठी बसवलंत का?"

"लेकीसाठी. तिच्या खांद्याला लागेल इतकंच वर. अंधाराला भिते ती."

लेक धावत यायची, मला दाबायची आणि मगच पुढे पाऊल टाकायची. मी एकदाही तिला फसवले नाही. शब्दाला जागणारे बटण, असे उस्ताद कौतुकाने म्हणत.

वर्षे गेली. लेक शिकली, यंत्रांना शहाणे करण्याच्या कामाला लागली. उस्तादांना कंपवात जडला. हात थरथरत, आणि चालता चालता पाय एकाएकी जमिनीला खिळत. दोनदोन मिनिटे ते तसेच उभे राहत, पुतळ्यासारखे. तरी न्हाणीघरापर्यंत ते एकटेच जात. "तेवढी अब्रू राहू दे माझी," असे ते लेकीला म्हणत.

त्यांना बटण चाचपावे लागू नये, म्हणून लेकीने घरातले दिवे नव्या यंत्रणेला जोडले. खोलीच्या दाराशी वर एक सेन्सर बसला. उबदार काही हलले की त्याला कळते आणि दिवा लागतो. दीड मिनिट काही हलले नाही, तर त्याच्या लेखी तिथे कोणीच नसते. मी बंद झाले तर यंत्रणेची वीजच तुटणार, म्हणून माझ्यामागच्या तारा थेट जोडून टाकल्या. आता मला दाबून काहीच होणार नव्हते.

"ताई, बटणाची वेगळी तार यंत्रणेला देऊ का? दाबलं की तिला कळेल," नव्या वायरमनने विचारले.

"नको. बाबांचा हात थरथरतो. चारदा दाबलं जाईल, दिवा लागेल नि विझेल."

"मग काढूनच टाकतो."

"अरे, राहू दे त्याला," उस्ताद म्हणाले. "जुना गडी आहे."

"राहू दे, बाबा. शोभेला."

मग लेकीने बोळात दहा फेऱ्या मारल्या. दहाही वेळा दिवा लागला. ती थांबली मात्र एकदाही नाही.

पाचव्या दिवशी दुपारी लेक स्वयंपाकघरात होती. उस्ताद काठी टेकत बोळात आले. दिवा लागला. माझ्यापासून हातभर अलीकडे त्यांचे पाय खिळले. दीड मिनिट झाले आणि दिवा गेला. त्यांची पाठ सेन्सरकडे होती, त्यामुळे माझ्याकडे आलेला हात अंगाआड राहिला. बोटे सवयीने बरोबर माझ्यावर आली. टक. अंधार. पुन्हा टक.

"अरे, लाग की रे," ते हळूच म्हणाले.

तिसऱ्यांदा दाबायला ते पुढे झुकले. पाय मात्र आले नाहीत.

ते पडले आणि त्याच क्षणी लख्ख उजेड झाला. पडणे ही हालचालच होती.

"बाबा!" लेक धावत आली. उस्तादांना उचलून दवाखान्यात नेले. खुब्याचे हाड मोडले होते, मग छातीत कफ झाला. महिन्याने त्यांची काठी तेवढी घरी आली.

लेकीने वायरमनला बोलावले. "बटणाला तार द्या."

"ताई, आता कुणासाठी?"

"द्या म्हटलं ना."

तो गेल्यावर ती बोळात, उस्ताद जिथे थांबले होते तिथे, श्वास रोखल्यासारखी उभी राहिली. दिवा गेला. तिने मला दाबले. टक. दिवा लागला. तिने भिंतीला कपाळ टेकले आणि बराच वेळ हलली नाही. दिवा पुन्हा गेला.

मित्रांनो, घरात नवे यंत्र आले की आपण त्याच्यापुढून ऐटीत चालून बघतो. एकदा त्याच्यापुढे थांबूनही बघा, ज्याचे पाय उचलत नाहीत त्याच्यासारखे. आणि जुन्याला भिंतीवर ठेवणार असाल, तर त्याची तार तोडू नका. अंधारात माणूस शोभेच्या वस्तूवरही विश्वास ठेवतो.

लेक अजून रोज मला एकदा दाबते. त्यासाठी तिला आता वाकावे लागते.