चाचणीचं वजन

लिफ्ट बसवणाऱ्या कारागिरांनी तिचं नाव नापासबाई ठेवलं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. लिफ्ट तपासनीस म्हणून नोकरीत एकोणीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात पहिल्या फेरीत तिने पास केलेल्या लिफ्ट हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, आणि त्यातल्या एकीबद्दल तिला अजून शंका होती. ती स्वतः पाचव्या मजल्यावर राहायची. इमारतीला लिफ्ट होती, पण ती पास केली होती दुसऱ्याच तपासनिसाने. त्यामुळे बाईसाहेब रोज जिने चढायच्या आणि संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळत बसायच्या.

माणसांच्या बाबतीतही तेच. बारा वर्षांपूर्वी ओळखीतल्याच लोकांनी "अगदी सोन्यासारखा माणूस" म्हणून एक स्थळ आणलं होतं. सोनं खरंच होतं, फक्त ते आधीच दुसऱ्या एका बाईच्या मालकीचं होतं. तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत होती, आणि एकटीच पीत होती.

"ताई, चव्वेचाळीस संपतील तुझी," धाकटी बहीण म्हणाली. "एखाद्या ॲपवर नाव तरी घाल."

"कुठल्या?"

"चांगल्याशा."

"चांगलं कशावरून?"

"लोकांनी पाच-पाच तारे दिलेत की!"

नापासबाईने ते तारेवाले अभिप्राय वाचले. 'आयुष्य बदललं', 'स्वप्न साकार झालं', 'धन्यवाद टीम'. इतकी माणसं एकाच वेळी इतकी सुखी असतील यावर तिचा विश्वास बसला नाही. लिफ्टच्या दारावर 'सुरक्षित' अशी पाटी लावली म्हणून लिफ्ट सुरक्षित होत नाही. ती तपासावी लागते.

आणि तपासायची कशी, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. लिफ्टमध्ये वजनं ठेवायची, दोर सुटल्याचं सोंग करायचं आणि ब्रेक तिला धरतो का ते पाहायचं. धरलं तर पास. त्या वेळी आत माणूस नको, एवढा एकच नियम. तो ती नवशिक्यांना ओरडून ओरडून सांगायची.

तेव्हा तिने एक खोटी बाई तयार केली. फोटोची चौकट विकत घेतली की आत एक छापील हसरी बाई फुकट मिळते, तिचा फोटो काढला. वय छत्तीस, धंदा फुलांच्या दुकानाचा, आवड म्हणून समुद्रकिनारा, कारण सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. हे चाचणीचं वजन तिने पाच ॲपवर चढवलं. पहिल्याने दहा मिनिटांत पास केलं. दुसऱ्याने खरेपणाची निळी खूणही दिली. तिसऱ्यावर पाव तासात नऊ जण प्रेमात पडले, आणि त्यातल्या चौघांचं पहिलं वाक्य अक्षरशः एकच होतं. चौथ्याने तर पुढच्या आठवड्यात 'महिन्यातली सर्वांत विश्वासू सदस्य' म्हणून त्या चौकटीतल्या बाईचं अभिनंदन केलं. नापासबाईने वहीत चार वेळा 'नापास' लिहिलं आणि तिला खूप दिवसांनी बरं वाटलं.

पाचव्या ॲपने काहीच केलं नाही. 'तपासणी चालू आहे' एवढीच ओळ आली. तपासणी चालू असेपर्यंत बोलायला मुभा होती, पण भेट होईपर्यंत फोन नंबर द्यायला बंदी. हा नियम तिला आवडला. याच पाचव्या ॲपवर कवळीवाला भेटला.

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याने विचारलं होतं, "फुलं शिळी झाली की टाकून देताना वाईट वाटतं का?"

फुलवालीला वाटलं असतं. नापासबाईने उत्तर दिलं, "नाही. मुदत संपली की काढायचं."

त्याला ते उत्तर आवडलं! काय माणूस होता कोण जाणे. मग तो रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत लिहू लागला. लोकांना पांढरेशुभ्र दात हवे असतात, तो त्यांना समजावून जरा पिवळट देतो. एक दात मुद्दाम किंचित वाकडा बसवतो. "सगळे सरळ असले की बनावट आहेत हे लगेच ओळखू येतं."

हे वाचून तिने तो फोटो पुन्हा उघडून पाहिला. चौकटीतल्या बाईचे सगळे दात सरळ होते.

तिथेच थांबायला हवं होतं. चाचणी संपवायची, वहीत निकाल लिहायचा, घरी जायचं. पण ती थांबली नाही. फोटो खोटा, वय खोटं, दुकान खोटं, आणि त्यांच्या आडून ती एकेक खरी गोष्ट सांगू लागली. गुडघे दुखतात हे सांगितलं. लिफ्ट असून जिने चढते हेही सांगितलं. बंद दारामागे माणसं अडकली की ती आधी शांत होतात आणि मग एकमेकांची नावं विचारतात, हेसुद्धा. "फुलवालीला लिफ्टबद्दल बरंच कळतं," त्याने लिहिलं. कचेरीत डबा खाताना ती एकटीच मोठ्याने हसली आणि समोरचा कारकून दचकला.

तीन आठवडे झाले. शनिवारी अकरा वाजता त्याच्या कामाच्या जागेखालच्या कॉफीच्या दुकानात भेटायचं ठरलं. आता खरं सांगणं भाग होतं. ती त्याला आवडली होती, आणि तिला, कबूल करायला लाज वाटत असली तरी, तो हवा होता.

"ताई, लिही की सरळ, फोटो, वय, दुकान खोटं, बाकी मीच आहे म्हणून," सगळं ऐकून बहीण म्हणाली.

पण एकोणीस वर्षं अहवाल लिहिणाऱ्या हाताला सरळ लिहिता येतं होय! पहिल्या मसुद्याची सुरुवात 'विषय: छायाचित्राबाबत खुलासा' अशी झाली. दुसऱ्यात तीन परिशिष्टं आली. चौथा मसुदा शुक्रवारी दुपारी जरा माणसासारखा उतरला. तो पाठवण्याआधी शेवटचा एकदा वाचायचा म्हणून ती एका गोदामाच्या मालवाहू लिफ्टपाशी थांबली, तेवढ्यात फोन वाजला.

'आपल्या खात्यावरील छायाचित्र व माहिती बनावट असल्याचे आढळल्याने आपले खाते कायमचे बंद करण्यात येत आहे. आपण ज्यांच्याशी संवाद साधला त्यांना सावध करण्यात आले आहे.'

तिने ते दोनदा वाचलं. एकही शब्द चुकलेला नव्हता. तिने स्वतः असंच लिहिलं असतं. ब्रेकने धरलं होतं, अगदी नियमाप्रमाणे, आणि आत ती होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. तिने वही काढून पाचव्या ओळीपुढे 'पास' लिहिलं, आणि गोदामाच्या पायरीवर बसून रडली.

शनिवारी ती तरीही गेली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दुकान भरलेलं होतं. अकरा वाजून पाच मिनिटांनी कवळीवाला आत आला. त्याचा फोटो खरा होता, त्यामुळे ओळखायला काही अडचण नव्हती. त्याने दारातून सगळे चेहरे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरून त्याची नजर रिकाम्या बरणीवरून जावी तशी सरकली.

"इथे कोणी बसलंय का?" त्याने तिच्या समोरच्या खुर्चीला हात लावून विचारलं.

"नाही. बसा."

तो बसला. दाराकडे बघत राहिला. मग, अनोळखी माणसालाच सांगता येतं तसं, म्हणाला, "एक बाई येणार होत्या. ॲपने कळवलं, खोट्या आहेत म्हणून. मी काल त्यांना पाच तारे दिले."

"त्या बाईंना?"

"ॲपला हो. चोख काम केलं त्यांनी."

"बरोबर दिलेत," नापासबाई म्हणाली. प्रामाणिकपणाची खोड अशी वेळ पाहून थोडीच गप्प बसते!

"मग तुम्ही का आलात?" तिने विचारलं.

"एक विचारायचं होतं." त्याने टेबलावरची साखरदाणी जरा फिरवली. "खोटे दात करतो मी. सगळं खोटं कोणालाच जमत नाही. काहीतरी खरं राहतंच. त्यांचे गुडघे खरंच दुखतात का, एवढंच विचारायचं होतं."

गेल्या चार दिवसांत लिहिलेल्या चार मसुद्यांतलं एकही वाक्य तिला आठवेना.

"दुखतात," ती म्हणाली. "फुलांचं दुकान खोटं. लिफ्ट तपासते मी."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग धंद्याच्या सवयीने दातांकडे. तिचा खालचा एक दात वाकडा होता. तिने निकाल ऐकायला हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"रागावलोय मी," तो म्हणाला. "चांगलाच. आणि हे लगेच जाणार नाही."

"हं."

"पण इतके गुडघे दुखतात तर, बाई, आयुष्यात एखाद्या लिफ्टमध्ये न तपासता पाय ठेवा की."