तक्रारवहीतला पहिला नंबर

प्लंबरच्या मेव्हण्याचं केस कापायचं दुकान होतं आणि त्या दुकानात विद्यापीठांच्या क्रमवारीचा एक जुना खास अंक होता. गिऱ्हाइकांनी वाट बघताना चाळावा म्हणून ठेवलेला तो अंक मेव्हण्यानेच इतक्या वेळा वाचला होता, की कुठल्याही विद्यापीठाचं नाव काढा, कात्री न थांबवता तो नंबर सांगायचा. तिथे शिकवतात काय, हे मात्र त्याला विचारायचं नाही. ते अंकात नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी तो अंक बगलेत मारून तो बहिणीच्या घरी आला. भाचीला रसायनशास्त्र शिकायचं होतं. दोन ठिकाणी तिचं नाव लागलं होतं आणि शुक्रवारी पाचच्या आत वडिलांच्या सहीचा फॉर्म त्यांपैकी एका खिडकीत द्यायचा होता. एक होतं टेकडीवरचं काचेचं खासगी विद्यापीठ, नंबर नऊ. त्यांनी मार्क बघून तिची फी माफ केलेली, म्हणजे नाही म्हणायला तेवढंही निमित्त उरलं नव्हतं. दुसरं बसस्टॉपमागचं सरकारी विद्यापीठ.

"एकशे एक्कावन्न ते दोनशे!" मेव्हण्याने पानावर बोट आपटलं. "दाजी, नापास पोरालासुद्धा नेमका नंबर देतात. यांना नुसतं 'असाल तिकडेच कुठेतरी' म्हणून सोडून दिलंय."

"मामा, तिथे पहिल्या वर्षापासून आठवड्यातून चार दिवस प्रयोगशाळा असते," लेक म्हणाली.

"असेना. चारचौघांत सांगताना नंबर सांगायचा असतो. प्रयोगशाळा कोण विचारतंय?"

"अहो, तुम्ही बोला की," प्लंबरची बायको नवऱ्याला म्हणाली. "दोन्हीकडचे नळ तुम्हीच बघता."

प्लंबर याचीच वाट बघत होता. त्याच्याकडे स्वतःची क्रमवारी होती, आणि ती मेव्हण्याच्या अंकापेक्षा ताजी होती. त्याने तक्रारवही काढली. तिच्यात सरकारी विद्यापीठाची सव्वीस पानं होती: नळ गळतो, बेसिन तुंबलं, परत तुंबलं, परवाचंच तुंबलं. टेकडीवाल्यांच्या पानावर वर नाव होतं आणि खाली पांढरा शुभ्र कागद. तिथल्या प्रयोगशाळेतले पाइप तीन वर्षांपूर्वी त्याने स्वतः टाकले होते. त्यानंतर एक फोन नाही.

"ज्या घरात रोज नळ गळतो," तो गंभीरपणे म्हणाला, "त्या घरात काय शिकणार? उद्या टेकडीवरच्या फॉर्मवर सही करतो."

लेकीने आत जाऊन भांडी घासायला घेतली. कोणी सांगितलेलं नसताना, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

शुक्रवारी सकाळी आठला टेकडीवरून पहिला फोन आला. प्लंबर पोचला तेव्हा तिथले व्यवस्थापक, ज्यांना सगळे टायसाहेब म्हणत, दारातच रुमाल नाकाला लावून उभे होते. अकरा वाजता क्रमवारीवाल्यांची समिती यायची होती आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवणं मुश्किल झालं होतं.

"केमिकल असेल," टायसाहेब म्हणाले.

"साहेब, केमिकलला बरा वास असतो. हे गटार आहे."

चाळीस बेसिनं होती. सगळी लखलखीत, काहींच्या नळांवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच. प्लंबर पहिल्या बेसिनखाली शिरला. बेसिनच्या पाइपाला खाली एक वळण असतं. त्यात थोडं पाणी साठून राहतं आणि तेच गटाराचा वास अडवून धरतं. त्याने ते वळण उघडलं. आत पाणी नव्हतं. पाणी सोडा, ओलसुद्धा नव्हती. दुसरं उघडलं, तेही ठणठणीत कोरडं.

"साहेब, हे नळ शेवटचे कधी सोडले होते?"

"उद्घाटनाला."

"मग मुलं हात कुठे धुतात?"

"मुलांना आत नाही सोडत. डाग पाडतात हो. प्रयोग आपण पडद्यावर दाखवतो. फार सुंदर पडदा आहे, दाखवू?"

प्लंबरने पडदा बघितला नाही. उघडलेली वळणं परत बसवून त्याने चाळीसही बेसिनांचे नळ सोडले, चार खिडक्या उघडल्या. साडेनऊला वास गेला.

"कमाल आहे! काय घातलंत?"

"पाणी. रोज वापर असला की पुरे."

"उत्तम," टायसाहेबांनी लगेच टिपून घेतलं. "पाणी ओतायला एक माणूस नेमतो. कर्मचारी वाढले की त्याचेही गुण मिळतात."

दुपारी बाराला सरकारी विद्यापीठाचा फोन आला. बेसिन तुंबलं. परवाचंच.

तिथे प्रयोगशाळेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. प्लंबर बेसिनखाली आडवा झाला, तर त्याच्या पायांना वळसा घालून मुलांची ये-जा चालूच. पाइपातून निघाला गाळण्याच्या कागदाचा लगदा, काचनळीचे तुकडे, चार जळक्या काड्या आणि एक केसांची पिन.

"पिन कोणाची?" प्राध्यापक बाईंनी विचारलं. त्यांच्या कोटाला इतक्या रंगांचे डाग होते की मूळ रंग कोणता, यावर पैज लागली असती.

"माझी, मॅडम. चिमटा सापडला नाही म्हणून वापरली."

"आणि प्रयोग आला का?"

"आला!"

"मग असू दे. काका, लवकर करा हं. मागची बॅच दारात उभी आहे."

"काका, किती वेळ?" एक मुलगा वरून वाकून म्हणाला. "माझं अर्ध्यावर आलंय. थंड झालं तर सगळं पहिल्यापासून."

प्लंबर पाठीवर पडल्या पडल्या बेसिनचा तळ बघत राहिला. सव्वीस पानं. तीन वर्षं तो ती पानं उलटी वाचत आला होता, आणि काल तर मेव्हण्यादेखत मोठ्याने वाचली होती. त्याने पाइप घट्ट बसवला, हात पँटला पुसले आणि घरी फोन लावला.

"बसस्टॉपमागच्या खिडकीवर ये. फॉर्म घेऊन."

"कुठला फॉर्म?" लेकीने सावधपणे विचारलं.

"तुला हवा होता तो."

चार वाजता ती धापा टाकत आली. मागोमाग मेव्हणा, कारण एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच टाकून तो भाचीला वाचवायला धावला होता.

"दाजी, अहो नवव्या नंबरला लाथ मारताय!"

"मेव्हणे, तुमच्या दुकानात सगळ्यात स्वच्छ वस्तरा कुठला?"

"जो वापरलाच नाही तो."

"आणि दाढी कुठल्याने करता?"

अर्धी दाढी आठवून मेव्हणा आला तसाच पळाला. प्लंबरने सही केली. कारकुनाने शिक्का मारला. परतताना लेकीने विचारलं,

"बाबा, इथे बेसिन तुंबलं की तुम्हीच येणार ना?"

"मीच."

"मग मी तुंबवणार नाही, असं वचन आत्ताच देत नाही हं."

"नकोच देऊस," प्लंबर म्हणाला.