हेस्टरबाईला मांडवाचं आवतण

कोन गावच्या जरीमरी ब्रास बँडमध्ये सगळ्यांत सुरेल कोण वाजवतं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि ती मांडवात वाजवताना का दिसत नाही हेही. निशा पोरगी होती ना! बँड तिच्या बापाचा, महादूचा. वाजवणाऱ्यांना चाली बसवून द्यायच्या तिनं, बेसूर झाले की झापायचं तिनं, आणि मास्तरची टोपी घालून ट्रम्पेट फुंकत पुढं मिरवायचा तिचा चुलतभाऊ धनेश. वा रे न्याय!

नव्या चाली शोधताना एकदा मोबाइलवर तिला एक रेकॉर्डिंग सापडलं. हेस्टर ॲशबी नावाच्या इंग्लिश बाईची सिंफनी, शंभर वर्षांपूर्वीची. एवढा मोठा वाद्यवृंद बाईच्या इशाऱ्यावर वाजणार नाही म्हणून बाईला दारातूनच परत पाठवलेलं. ती जिवंत असेतो एक सूर वाजला नाही. आत्ता कुठं कुणा कॉलेजच्या पोरांनी वाजवली, तीही कुणी ऐकली नव्हती. रेकॉर्डिंगखाली लिहिलेलं हे वाचून निशाचं डोकं सणकलं. मग तिनं ऐकायला घेतलं, आणि हातातलं काम ओट्यावर तसंच राहिलं. मधल्या भागात क्लॅरिनेट एकटीच निघते. बाकीची वाद्यं तिला अडवतात, दाबतात, पण ती काही केल्या गप्प बसत नाही.

"ही बाई तर माझंच बोलतेय!" निशा म्हणाली.

तेवढा भाग तिनं बँडवर बसवला. क्लॅरिनेट वाजवणारी निशा एकटीच, म्हणून ते सूर नाइलाजानं धनेशच्या ट्रम्पेटला दिले.

गावातल्याच एका हळदीत दिवेलागणीला तो वाजला. मांडव डोलायला लागला, म्हातारेकोतारेही उठून उभे राहिले. हळदीत माईकवरून मानाची नावं पुकारायची रीत, मामा झाले, सरपंच झाले, तसा माईकवाला ओरडला, "मास्तर, चाल कुणाची?"

धनेशनं छाती फुगवली. "कुणाची म्हणजे? आपलीच!"

बायकांत बसलेल्या निशाच्या अंगाचा तिळपापड झाला. बाईला जिवंतपणी गिळलं, आता मेल्यावर पण? ती तरातरा गेली आणि माईक हिसकावला.

"खोटं आहे! ही चाल हेस्टर ॲशबीची. बसवली मी, महादूच्या निशानं."

"खाली बस गं," धनेश हसला. "मेलेल्या गोऱ्या बाईचं नाव घेऊन कुणाचं भलं होणार?"

"तुझं तर नाहीच."

मांडवात हशा पिकला. महादूचा चेहरा पडला. "निशा, घरी बोलू. चार लोकांत इज्जत नको काढू."

"घरीच बोलत आले ना, बाबा. कुणी ऐकलं?"

पिशवीतून तिनं क्लॅरिनेट काढली. ती का आणली होती, तिचं तिलाच ठाऊक. भर मांडवात, बापाच्या डोळ्यांत बघत तिनं तेच सूर वाजवले, बाईनं लिहिले होते तसे. ढोलवाल्यानं धनेशकडं न बघता ठेका धरला. वाजवून होताच तिनं पुन्हा नाव घ्यायला माईक उचलला, तर आवाजच येईना. धनेशनं वायर उपटून हातात धरली होती.

पाटापाशी आक्का बसली होती, गावची धवलारीण. भटजीआधी मान तिचा. ती धवला गाऊन देवांना आणि घरच्या मेलेल्या माणसांना नावानिशी बोलावते, तेव्हा कुठं हळद लागते. ते गाणं मध्येच तोडणं म्हणजे घोर अपशकुन. तिथं सरपंचही तोंड उघडत नाही.

"काय नाव बोललीस गो तिचा?" आक्कानं विचारलं.

"हेस्टर."

"मेली हाय ना?"

"हो, आक्का."

"मंग तिला बोलवाया माईक कशाला?"

आणि आक्कानं धवला सुरू केला. गणपती आला, एकवीरा आली, आजे-पणजे आले. मग म्हातारीनं आवाज चढवला, "हेस्टरबाय गो, हलदीला ये... निशाबाय गो, तिचे पुढं वाजव गो..."

धनेश वायर धरून तसाच उभा राहिला. महादूनं हात जोडले. मांडवातल्या बायकांनी ती ओळ उचलली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि निशानं क्लॅरिनेट ओठांना लावली.