तळहातावरचं दही

त्या काळी जयपूरच्या त्या इस्पितळात ऑपरेशनला नेण्याआधी मुलांना वॉर्डातच गुंगीचं गोड औषध पाजत. म्हणजे आईला सोडताना पोर रडत नसे. आया रडायच्या, ती गोष्ट वेगळी.

चार वर्षांच्या मिनूनं औषध घेतलं आणि ती आईच्या, रत्नमालेच्या मांडीवर सैलावली. तिच्या पोटातली गाठ महिनाभरात लिंबाएवढीची संत्र्याएवढी झाली होती. मोठे डॉक्टर ऑपरेशनं फक्त मंगळवारी करत, आणि हा मंगळवार मिळवायला तिच्या वडिलांनी, जनार्दननं, रेल्वेतल्या सगळ्या साहेबांचे उंबरे झिजवले होते.

मिनू स्वतःचा तळवा चाटू लागली.

"काय गं ते?"

"आजीचं दही," ती जड जिभेनं म्हणाली. "सगळं संपवलं मी. वाटीपण."

रत्नमालेनं तो हात हुंगला. आंबूस, चिकट. पोट रिकामं हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भुलीत उलटी होऊन श्वासात गेली तर मूल हाती लागायचं नाही.

सासूबाई बाकावर जप करत होत्या.

"आई, तुम्ही हिला दही दिलंत?"

"अगं, एवढ्या मोठ्या कामाला निघालेली पोर! हातावर दही-साखर नको ठेवायला? चमचाभरच दिलं. मग भुकेनं रडायला लागली, म्हणून…" त्या चाचरल्या. "ते काय जेवण आहे का?"

एवढ्यात स्ट्रेचर आलंच. "चलिए, बच्ची को दीजिए," सिस्टर म्हणाली.

गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? बोललं तर आठवडा जाणार, आणि गाठ आठवडाभर थांबणार नव्हती. तिनं उचलून घेतलेल्या मिनूचं डोकं खांद्यावरून घरंगळलं.

"सिस्टर, इसने दही खाया है. कटोरी भर."

"मतलब? अब बता रही हो?"

डॉक्टर बाहेर आले, रागावले. "अगले मंगल को देखते हैं, अगर…" एवढंच बोलून ते वळले. स्ट्रेचरवरून शेजारच्या खाटेवरचा मुलगा आत गेला.

औषध मात्र पोटात गेलेलं. मिनू दुपार उलटली तरी झोपून होती. सासूबाई ओल्या पदरानं तिचा तळवा पुसत होत्या, स्वच्छ झाला तरी पुसत होत्या.

"मला परत भुसावळच्या गाडीत बसवून दे गं, रत्ना. मी इथं नको."

रत्नमालेचा हात मिनूच्या फ्रॉकखाली होता. सगळं पोर गाढ झोपलेलं. बोटांखाली ती गाठ तेवढी टणक, जागी.