वाढप्यांच्या घरचं जेवण

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार, तर जेवण घरीच करायचं आणि ज्याने त्याने आपल्या हाताने वाढून घ्यायचं, असं धाकट्या सुनेने जाहीर केलं, तेव्हा थोरल्या दिरांनी घसा खाकरला.

"म्हणजे पाहुण्यांना सांगायचं, ही घ्या ताटली, लागा कामाला?"

"पाहुणे कुठले, दादा? सगळे आपलेच तर आहेत."

"तेच म्हणतोय मी. आपलेच आहेत, म्हणजे जन्मभर नावं ठेवतील."

दिरांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. या घराने आयुष्यभर दुसऱ्यांना जेवू घातलं होतं. रस्त्याला लागून सासऱ्यांची खानावळ होती. कामगार, शिकणारी मुलं, एकटे राहणारे कारकून, सगळे तिथे जेवायचे. सासूबाई रांधायच्या, सासरे वाढायचे, आणि दोन्हीकडचे भाऊ, बहिणी, भाचे, पुतणे तिथेच राबून मोठे झाले होते. या कुटुंबात मूल चालायला लागलं की त्याच्या हातात पाण्याचा जग देतात, अशी एक थट्टा होती आणि ती फारशी खोटी नव्हती. गेल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि खानावळ बंद झाली. सवयी काही बंद झाल्या नाहीत.

त्यातली एक सवय धाकटीच्या मनाला लागून राहिली होती. लग्न होऊन आल्यापासून तिने सासूबाईंना चारचौघांबरोबर जेवताना पाहिलं नव्हतं. सगळ्यांचं आटोपलं की त्या ओट्याशी उभ्या राहून पातेल्याच्या तळाचं खात, आणि दुसऱ्या हाताने ओटा पुसत. बसा म्हटलं की, "तुम्ही घ्या गं, मी बघते." हे 'मी बघते' म्हणजे काय, ते धाकटीला बाळ झाल्यावर नीट कळलं. हल्ली तिचंही जेवण गारच व्हायचं. घास तोंडाशी नेला की पाळण्यातून हाक आलीच. पण तिचं निदान बाळ होतं, ते उद्या मोठं होणार होतं. सासूबाईंचं काय?

कोणी वाढायलाच नको, म्हणजे कोणी मागे राहायलाच नको. तिचा हिशोब इतका सरळ होता. एक दिवस तरी आईंनी सगळ्यांबरोबर, गरमागरम जेवावं. पण तसं तोंडावर सांगितलं असतं तर त्यांनी हसून उडवून लावलं असतं. म्हणून तिने खर्चाचं कारण पुढे केलं. हॉल आणि आचारी परवडण्यासारखे नव्हतेच, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही.

बाळ झोपलं की ती बेत आखायची, आणि जागं असलं की त्याला कडेवर घेऊन. पदार्थ निवडायची तिची एक अजब रीत होती. बाळ एका कडेवर, दुसऱ्या हातात चमचा, आणि उभ्याने खाऊन बघायचं. सांडलं नाही, तोडावं लागलं नाही, तर पदार्थ पास.

"परीक्षक बरा नेमलायस," नवरा म्हणाला. "पगार काय देतेस?"

"दूध."

अशा परीक्षेत भाज्यांचा दाट रस्सा पास झाला. तो आदल्या दिवशी केला तर उलट जास्तच मुरतो. भात सकाळी करून पातेलं ब्लँकेटात गुंडाळायचं ठरलं. भाजलेले बटाटे, उकडलेली अंडी, घरी लावलेलं दही, काकडी-टोमॅटो. गोडाला कापलेलं कलिंगड. पाव गल्लीतला बेकरीवाला देणार होता, तोही कापून. ताटल्या खानावळीच्याच, माळ्यावरून काढलेल्या.

थोरल्या जाऊबाईंनी मात्र नाक मुरडलं. "तळण नाही? तळणाशिवाय समारंभ असतो का गं कुठे?"

"तळायला उभं कोण राहणार, जाऊबाई? जी उभी राहील तिचं जेवण गेलं."

कढईपुढे कोण उभं राहतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"असू दे मग," त्या म्हणाल्या. "बटाट्यांचं मी बघते. आदल्या दिवशी."

समारंभाच्या दिवशी शेजारच्या शिंप्याचं कापड बेतायचं लांबलचक टेबल बाहेरच्या खोलीत आलं. धाकटीने ते भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलं, म्हणजे संपलेली भांडी मागून भरता येतील. एका टोकाला ताटल्या, दुसऱ्या टोकाला चमचे. दुपारपर्यंत खोली माणसांनी भरली. हार, फोटो, थट्टामस्करी झाली आणि तिने पातेल्यांवरची झाकणं काढली.

"चला, घ्या आता आपापलं!"

ताटलीला कोणीच हात लावला नाही. सासरे टेबलाला वळसा घालून मागे गेले आणि त्यांनी रश्श्याचा डाव उचलला. त्यांचे धाकटे भाऊ भाताच्या पातेल्यामागे उभे राहिले. सासऱ्यांच्या बहिणीने, आत्याबाईंनी, अंडी ताब्यात घेतली. मग भाचे आले, पुतणे आले, दह्यापाशी तर दोघांची ओढाताण सुरू झाली. बघता बघता सगळं कुटुंब टेबलाच्या मागे. पुढे उरले फक्त शिंपी, बेकरीवाला आणि घरातला नवा जावई. त्या बिचाऱ्याच्या ताटलीत चारी बाजूंनी मारा चालला होता.

"अहो, पुरे! खरंच पुरे!"

"लाजू नका जावईबापू, अजून एक बटाटा!"

"आणि आई कुठायत?" धाकटीने विचारलं.

"आत गेली," नणंद म्हणाली. "रस्श्याचं दुसरं पातेलं गरम करून आणते म्हणाली."

धाकटीने बाळ या कडेवरून त्या कडेवर घेतलं. थोरले दीर शेजारी येऊन उभे राहिले. "बघितलंस? आपल्या माणसांना हे जमायचं नाही."

ती टेबलाकडे बघत राहिली. सगळ्यांना मागे उभं राहायला जागा होती, आणि ती जागा तिनेच ठेवली होती.

"दादा, याला धरा जरा." तिने बाळ दिरांच्या हातात कोंबलं आणि नवऱ्याला हाक मारली. "अहो, टेबल भिंतीला लावायचंय."

"आत्ता? भरलेलं?"

"आत्ताच."

दोघांनी दोन टोकं धरली आणि टेबल इंच-इंच सरकवत नेलं. मागची मंडळी दोन्ही बाजूंनी बाहेर सांडली. आत्याबाई ओरडल्या, "अगं, चेंगरशील ना मला!" आणि हसतच सुटल्या. शेवटी टेबल भिंतीला टेकलं. सासरे डाव हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभे होते.

"मग मी कुठे उभा राहू?"

"रांगेत, बाबा."

"रांगेत? माझ्याच घरी?"

"दादा, पुढे सरक रे," मागून आत्याबाई भावाला म्हणाल्या. "खोळंबा करू नकोस." हेच वाक्य सासऱ्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. सगळी खोली हसली. सासऱ्यांनी डाव ठेवला आणि ताटली उचलली. मग ते वाकून अगदी गिऱ्हाइकासारखं विचारते झाले, "यात काय काय घातलंय?"

धाकटी आत गेली. सासूबाई गॅसपाशी उभ्या होत्या.

"आई, चला."

"तुम्ही घ्या गं, मी बघते."

"खर्चाचं मी आपलं सांगितलं होतं, आई. हे सगळं केलंय ते तुम्ही जेवावं म्हणून. सगळ्यांबरोबर."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग गॅस बंद केला.

"वेडीच आहेस," त्या म्हणाल्या. "आणि तू? बाळ कुठंय?"

"दादांकडे. मी तुमच्या मागेच आहे, रांगेत."

दोघी बाहेर आल्या. रांगेने त्यांना पुढे जायला वाट करून दिली, पण सासूबाई ऐकेनात. त्या शेवटी उभ्या राहिल्या आणि नंबर आल्यावरच पुढे झाल्या. त्यांनी भाताचा एक डाव घेतला. दुसरा भरला, आणि हात तसाच हवेत राहिला. खानावळीत जेवून गेलेल्या प्रत्येकाला किती भात लागतो, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं.

"अगं," त्या वळून हळूच म्हणाल्या, "मला किती लागतो?"

धाकटीला हसू आलं. "मला काय माहीत, आई? खाऊन बघा. कमी पडला तर परत या."

सासूबाईंनी ताटलीकडे पाहिलं, वाफाळत्या पातेल्याकडे पाहिलं, आणि डाव ताटलीत उलटा केला.